एक केबल, दोन जाळी

समजा, अहमदपूरमधील एखाद्या शाळेच्या दोन इमारती आहेत. दोन्हीकडे विद्यार्थ्यांचे संगणक आहेत आणि गुणपत्रके सांभाळणारे कार्यालयाचे संगणकही आहेत. प्रत्येक इमारतीत एक स्विच, आणि दोन्ही स्विचना जोडणारी एकच केबल. एखाद्या संगणकाने ‘हा पत्ता कोणाचा?’ असे विचारले की स्विच तो प्रश्न सर्वांकडे पोचवतो. म्हणजे विद्यार्थी आणि कार्यालय एकाच जाळ्यात आले. मग कार्यालयासाठी निराळे स्विच आणि निराळी केबल घ्यावी का?

तशी गरज नाही. लातूर-नांदेड रस्ता एकच. अहमदपूरच्या बसस्थानकावर आपण पाटी वाचूनच गाडीत बसतो. स्विचलाही अशी पाटी वाचता येते. आयईईई या संस्थेने 1998 साली 802.1क्यू हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार माहितीच्या चौकटीत 4 बाइटची पाटी घालतात. तिच्यातील 12 बिट जाळ्याचा क्रमांक सांगतात. 12 बिटांतून 4096 क्रमांक होतात. 0 आणि 4095 राखीव असल्याने 4094 उरतात. अशा जाळ्याला व्हीलॅन, म्हणजे आभासी स्थानिक जाळे, म्हणतात.

सिस्कोच्या स्विचवर ‘व्हीलॅन 10’ या आज्ञेने विद्यार्थ्यांचे आणि ‘व्हीलॅन 20’ने कार्यालयाचे जाळे तयार करू. कार्यालयाच्या संगणकाच्या पोर्टला ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ आणि ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन 20’ या आज्ञा देऊ. इमारती जोडणाऱ्या पोर्टला ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ पुरते. त्या केबलमधून दोन्ही जाळ्यांच्या चौकटी पाट्यांसह धावतात. संगणकाकडे जाताना स्विच पाटी काढून घेतो.

येथे दोन चुका महागात पडतात. ट्रंकवर परवानगीची यादी असेल आणि पुढे ग्रंथालयासाठी व्हीलॅन 30 जोडायचे असेल, तर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड 30’ असे लिहावे. ‘ॲड’ राहून गेला तर जुनी यादी पुसली जाते आणि इमारतींमध्ये फक्त 30 चालू राहतो. दुसरे म्हणजे, ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा दिली नाही, तर वीज जाताच पोर्टची नवी मांडणी नाहीशी होते.

दोन जाळी राउटरने जोडली, तर कोणाला वाट द्यायची हे नियम तेथे लिहावेच लागतात. नाहीतर वेगळेपणा नावापुरताच उरतो. म्हणून आधी कागदावर पोर्टचा तक्ता काढावा, मग आज्ञा द्याव्यात आणि ‘शो व्हीलॅन ब्रीफ’चे उत्तर त्या तक्त्याशी ताडून पाहावे. हा ताळा विद्यार्थ्यांकडूनही करून घेता येईल.