फटफटीवरून फ्रान्स : चांगला मुक्काम कसा ओळखावा?

फ्रान्स म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस आणि आयफेल मनोरा उभा राहतो. पण या देशाची सुमारे निम्मी जमीन शेतीखाली आहे. खरा फ्रान्स पाहायचा तर मोठे हमरस्ते सोडून आडवाटेच्या गावांतून गेले पाहिजे, आणि त्यासाठी मोटारसायकलसारखे वाहन नाही. आपल्याकडची तरुण मंडळीही आता तिकडे जाऊन भाड्याची मोटारसायकल घेतात आणि आठ-पंधरा दिवस फिरतात. तुमच्या घरातले कोणी उद्या निघाले, तर त्याला रस्त्यापेक्षा मुक्कामाची चिंता अधिक पडेल. दिवसभर वाऱ्यापावसात गाडी चालवून दमलेल्या माणसाला गरम जेवण, कोरडे अंथरूण आणि गाडीला आडोसा हवा असतो. तो नेमका कुठे मिळतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

गावची खाणावळ आणि साखळीची हॉटेले

फ्रान्समध्ये गावोगाव कुटुंबाने चालवलेली छोटी हॉटेले आहेत. खाली जेवणघर, वर दहा-पंधरा खोल्या. नवरा स्वयंपाकघरात, तर बायको गल्ल्यावर आणि पाहुण्यांकडे, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी दिसते. १९३६ साली तिथल्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली, तेव्हा सामान्य माणूसही प्रवासाला निघाला आणि या घरांना बरकत आली.

पुढे मोठे मोटारमार्ग झाले. रहदारी गावाबाहेरून जाऊ लागली. १९६७ साली लील शहराजवळ नोव्होटेलचे पहिले हॉटेल उघडले आणि एकाच साच्याच्या खोल्यांची साखळी देशभर पसरत गेली. तिथे सोय असते, पण लील काय आणि मार्सेय काय, खोली तीच आणि नाश्ता तोच. गावातल्या घरांचे मात्र गिऱ्हाईक तुटले. मालकाचे वय झाले, मुले शहरात गेली, चालवणारा कोणी मिळाला नाही, की दाराला कुलूप लागते. हॉटेल गेले म्हणजे गावकऱ्यांचा सकाळचा कॉफीचा अड्डा जातो, लग्नाबारशाच्या जेवणाची जागा जाते, कुठे कुठे तर पाव मिळण्याचे ठिकाणही जाते.

म्हणून आडवाटेने येणारा मोटारसायकलवाला या घरांना मोलाचा वाटतो. त्याला मुक्काम हवा आणि गावाला मुक्कामी हवा.

पाटी वाचायला शिका

पहिली गंमत ध्यानात ठेवा. गावाच्या मध्यभागी सुंदर इमारतीवर ‘ओतेल द व्हिल’ अशी पाटी दिसली, तर सामान घेऊन आत शिरू नका. ती नगरपालिकेची कचेरी असते. ‘ओतेल दिय’ म्हणजे जुने धर्मादाय रुग्णालय. राहण्याच्या हॉटेलावर नुसते ‘ओतेल’ आणि पुढे घराचे नाव असते.

दाराजवळच्या फलकावर एक ते पाच तारे असतात. हे तारे सरकारमान्य तपासणीनंतर पाच वर्षांसाठी मिळतात. पण त्यांत खोलीचा आकार, स्नानगृह, सोयी यांचाच हिशेब अधिक असतो. माणुसकीला आणि आमटीच्या चवीला तारे नसतात. शिवाय ही तपासणी ऐच्छिक असल्याने, तारा नाही म्हणून घर वाईट असे मुळीच समजू नये.

याहून उपयोगी खूण ‘लोजी’ संघाची. १९४९ साली, महायुद्धानंतर खेड्यांतली हॉटेले सावरावीत म्हणून छोट्या मालकांनी हा संघ उभारला. शेकोटीचे चित्र असलेली त्यांची पिवळी-हिरवी पाटी पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांच्या ओळखीची झाली. संघात असूनही प्रत्येक घर स्वतंत्र असते, मालक वेगळा आणि चवही वेगळी. आपल्या सहकारी संस्थांच्या वाचकांना ही कल्पना चटकन समजेल.

तिसरी खूण जेवणाची. जेवणाचे पदार्थ आणि किमती दाराबाहेर लावणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे आत जाण्याआधी उभ्याउभ्या वाचून घ्या. भांड्यावर झाकण म्हणून घराचे छप्पर, असे चित्र पदार्थापुढे असेल, तर तो कच्च्या मालापासून तिथेच रांधलेला आहे, असा अर्थ. २०१४ सालापासून ही खूण वापरात आहे. पदार्थांची यादी लांबलचक असेल तर सावध व्हा. चार-पाच पदार्थ, तेही हंगामाचे, असतील तर स्वयंपाकघरात खरा स्वयंपाक चालतो असे समजावे.

आणि सर्वांत खात्रीची खूण अशी की, दुपारी बाराच्या सुमारास गावचेच लोक, गवंडी, ट्रॅक्टरवाले, पोस्टमन तिथे जेवायला बसलेले दिसतात. ज्या घरी गाव जेवते, तिथे पाहुण्याने निर्धास्त जेवावे.

ओब्राकचे उदाहरण

दक्षिण-मध्य फ्रान्समध्ये ओब्राक नावाचे पठार आहे. उंची हजार मीटरहून अधिक, चहूकडे गवताची कुरणे, दगडी कुंपणे आणि गुरे. शेजारचा लोझेर जिल्हा तर फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत कमी वस्तीचा. इथली गाय पिंगट रंगाची आणि डोळ्यांत काजळ घातल्यासारखी दिसते. मे महिन्याच्या अखेरीस गुरे उंच कुरणांवर नेतात, तेव्हा त्यांना फुले, झेंडे आणि मोठ्या घंटांनी सजवतात. आपल्या पोळ्याची आठवण यावी असाच तो थाट.

इथल्या घरांत ‘आलिगो’ मिळते. उकडलेल्या बटाट्यात ताजे चीज, लोणी, साय आणि लसूण घालून ते इतके घोटतात की डावाला लांबच लांब तार येते. शाकाहारी माणसाने ते जरूर मागावे, पण सोबत डुकराचे सॉसेज वाढतात, ते नको म्हणून आधीच सांगावे. तिथे कोशिंबिरीतही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून ‘मांस नको, मासे नकोत’ हे खोली ठरवतानाच कळवलेले बरे.

२००४ साली याच भागात मियो गावाजवळ प्रचंड उंच पूल झाला आणि मोटारी वरच्यावर निघून जाऊ लागल्या. खालचे घाट, तार्न नदीची दरी आणि तिथली जुनी घरे मात्र सावकाश जाणाऱ्याची वाट पाहत आहेत.

शेतकऱ्याच्या घरी मुक्काम

हॉटेलाखेरीज दुसरी चांगली सोय म्हणजे ‘शांब्र दोत’, म्हणजे राहत्या घरातली पाहुण्यांची खोली. कायद्याने अशा घरात जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा पाहुणे ठेवता येतात. मालकाला गावच्या कचेरीत नोंद करावी लागते, आणि सकाळचा नाश्ता भाड्यातच धरलेला असतो. ‘ताब्ल दोत’ असे लिहिले असेल तर रात्रीचे जेवण घरच्या मंडळींबरोबर एकाच टेबलावर होते. जे शिजले तेच सर्वांना. १९८८ सालापासून तिथल्या शेती मंडळांनी ‘शेतावर स्वागत’ या नावाने शेतकऱ्यांचे जाळे उभारले आहे. त्यात राहण्याची, जेवणाची आणि मालविक्रीची घरे सापडतात. दुधाचा भाव पडला तरी पाहुण्यांच्या खोलीचे पैसे घरात येतात, हे या घरांनी ओळखले आहे.

वेळ चुकवू नका

घरगुती हॉटेल म्हणजे घरच. रविवारी रात्री आणि सोमवारी बहुतेक जेवणघरे बंद असतात. स्वयंपाकघर सातच्या सुमारास उघडते आणि नऊ वाजेपर्यंत आवरतेही. आडगावात साडेनऊला पोहोचलात तर उपाशी झोपावे लागेल. घाटरस्त्यांवर दिवसाकाठी दोनशे-अडीचशे किलोमीटर पुरे. मे महिन्यातल्या जोडसुट्ट्या, १४ जुलै आणि १५ ऑगस्टच्या आसपास खोल्या आधीच भरतात. दारावर ‘कोंप्ले’ म्हणजे जागा भरली, ‘फेर्मे’ म्हणजे बंद.

आपल्या लोकांना व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे द्यावे लागतात. तेव्हा रद्द करता येईल असे आरक्षण करून ठेवावे. वाटेत बेत बदलला तर घरमालकाला फोन करून मोकळे करावे. दहा खोल्यांच्या घरात एक खोली रिकामी राहिली, तर त्याचा त्या कुटुंबाला चटका बसतो.

आत शिरताच ‘बाँजूर’ म्हणायला विसरू नका. आपल्याकडे ‘रामराम’ न करता कोणाच्या ओट्यावर चढलो तर कसे दिसेल? तसेच ते.

गाडी आणि नियम

फ्रान्समध्ये वाहन उजव्या बाजूने चालवतात. हेल्मेट सक्तीचे आहेच, पण २०१६ पासून प्रमाणित हातमोजेही सक्तीचे आहेत. गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर २०१८ साली वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर झाली. काही जिल्ह्यांनी ती पुढे पुन्हा ९० केली, तेव्हा पाटी पाहूनच चालवा. गावात पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते. आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही जवळ असावा. तो आपल्या आर.टी.ओ. कचेरीत मिळतो. समोरून येणारा मोटारसायकलवाला डावा हात उचलेल, तेव्हा तुम्हीही उचला. हा तिथला प्रघात आहे.

खोली ठरवण्यापूर्वी हे विचारा

१. रात्री गाडी कुलूपबंद गॅरेजात किंवा आतल्या अंगणात ठेवता येईल का? अंगणात खडी असेल तर स्टँडखाली ठेवायला लाकडाची चकती जवळ असू द्या.

२. आज रात्री जेवण मिळेल ना, आणि किती वाजेपर्यंत?

३. ओले कपडे वाळवायला जागा आहे का?

४. भाडे खोलीचे की माणशी? हॉटेलात बहुधा खोलीचे असते आणि नाश्ता वेगळा. ‘दमी पांसियाँ’ म्हणजे खोली, रात्रीचे जेवण व नाश्ता मिळून माणशी दर; दमलेल्या प्रवाशाला तो परवडतो.

५. स्थानिक प्रवासी कर किती? तो माणशी, दर रात्रीचा असतो.

६. रात्री दार किती वाजता बंद होते आणि किल्ली कोणाकडे मागायची?

जेवणाच्या बिलात सेवेचे पैसे धरलेलेच असतात, वेगळी बक्षिसी द्यावीच लागत नाही. जेवणाबरोबर पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते. पाणी हवे तर सुरईच मागा, नाहीतर विकतची बाटली येईल.

सकाळी निघताना जेवण आवडले असेल तर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तसे सांगा आणि पुढच्या गावात कुठे उतरावे, हेही तिथेच विचारा. एका चांगल्या घराला दुसरे चांगले घर ठाऊक असते. त्यांनी सांगितलेला पत्ता सहसा फसत नाही.