मालकी शेतकऱ्याची, कसोटी रोखीची

पहाटे तोडणी केलेला भाजीपाला टेम्पोत भरून बाजार समितीच्या आवारात न्यायचा, लिलावात निघेल तो भाव स्वीकारायचा आणि हमाली, तोलाई व भाडे वजा जाता उरलेल्या रकमेची पट्टी घेऊन घरी परतायचे, हा राज्यातील लहान भाजीपाला उत्पादकाचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि अडतीचा भार शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकला. आवाराबाहेर माल विकण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. परंतु एकट्या शेतकऱ्याच्या दहा-वीस क्रेटसाठी शहरातील मोठा खरेदीदार बांधावर येत नाही. परिसरातील उत्पादकांनी एकत्र येऊन स्वतःच्या मालकीचे संकलन व विक्री केंद्र उभारावे, या विचाराला बळ मिळाले ते यामुळेच.

अशा केंद्राचे काम वरवर साधे दिसते. गावोगावचा माल एका ठिकाणी आणणे, वजन करणे, प्रतवारी लावणे, शेतातील उष्णता काढण्यासाठी तो वेळीच थंड करणे आणि ठरलेल्या वेळी गाडी रवाना करणे. यातील प्रतवारी महत्त्वाची. एकसारख्या आकाराचा, निवडलेला माल उपाहारगृहे व किरकोळ विक्रीच्या दालनांकडे जातो; उरलेला स्थानिक बाजारात किंवा प्रक्रियेला. दोन्हींचे भाव वेगळे असतात आणि त्या फरकाचा लाभ केंद्राच्या मालकाला, म्हणजे सभासद शेतकऱ्याला मिळावा, ही अपेक्षा असते.

या मालकीला कायद्याचे स्वरूप मिळाले ते उत्पादक कंपनीच्या तरतुदींमुळे. अर्थतज्ज्ञ य. के. अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. पुढे २०२० च्या दुरुस्तीने या तरतुदी २०१३ च्या कंपनी कायद्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून समाविष्ट झाल्या. किमान १० उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. संचालक ५ ते १५ असावेत, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमलाच पाहिजे आणि व्यक्ती सभासदाला, त्याचे भाग कितीही असोत, मत एकच. कंपनीच्या व्यवसायाशी ज्याचे हितसंबंध विरोधी आहेत, त्याला सभासदत्व घेता येत नाही. सहकारी संस्थेतील समतेचे तत्त्व आणि कंपनीचा कारभार यांचा हा मेळ आहे. नोंदणी करून देणारे सल्लागार आता तालुक्याच्या गावीही मिळतात. खरी अडचण नोंदणीनंतर सुरू होते.

भांडवल कुठे अडते?

समजा, ३०० शेतकऱ्यांनी प्रत्येकी १ हजार रुपयांचा भाग घेतला. भागभांडवल झाले ३ लाख. केंद्राने रोज ५ टन भाजीपाला सरासरी २० रुपये किलोने घेतला, तर रोजची खरेदी १ लाखाची. शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी हवे असतात. मोठा खरेदीदार मात्र पंधरा दिवसांनी देतो. म्हणजे कोणताही तोटा नसताना १५ लाख रुपये सतत बाहेर अडकून राहणार. तीन दिवसांतच भागभांडवल संपते.

केंद्र सरकारने २०२० मध्ये १० हजार शेतकरी उत्पादक संस्था स्थापन करण्याची योजना आणली. तीत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत साह्य आणि सभासदाने भरलेल्या भागाइतके, प्रत्येकी २ हजार रुपयांच्या मर्यादेत, अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. वरच्या उदाहरणात त्यातून आणखी ३ लाख येतात. त्याच वर्षीच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळते, पण ती शीतगृह, पॅकहाऊस अशा उभारणीसाठी. शेड उभी राहते, यंत्रेही येतात. खरेदीला रोकड मात्र उरत नाही. उद्घाटनाची कोनशिला लखलखीत आणि आत शुकशुकाट, अशी केंद्रे होतात ती बहुधा याच कारणाने. आधी पक्का खरेदीदार व खेळते भांडवल आणि मग इमारत, हा क्रम अनेकांना नीरस वाटतो.

भाव चढतो तेव्हा

दुसरी कसोटी सभासदांची. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला राज्यात २ हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. सप्टेंबरमध्ये तोच क्रेट पिंपळगाव बसवंतच्या बाजारात १०० रुपयांच्या आसपास आला. खरेदीदाराशी आधी ठरलेल्या भावाने माल देणाऱ्या केंद्राची अशा वेळी दुहेरी कोंडी होते. तेजीत सभासद माल बाहेर विकतो, मंदीत सगळा केंद्रावर आणून ओततो. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या डोक्यावरही कर्ज असते. पण शब्द दिलेल्या दिवशी गाडी रिकामी राहिली की खरेदीदार पुन्हा येत नाही.

कायद्यात यावर एक उपाय आहे, त्याचा वापर पुरेसा होत नाही. संचालक मंडळ मालाची काही किंमत लगेच देऊन उरलेली राखून ठेवू शकते आणि ती नंतर रोख, वस्तुरूपाने अथवा भागांच्या रूपाने देता येते. वर्षाच्या शिल्लकीतून ज्याने जेवढा माल दिला त्या प्रमाणात बोनसही देता येतो. राखून ठेवलेल्या रकमेने खेळत्या भांडवलाचीही थोडी सोय होते. अर्थात, पहिल्या वर्षी पट्टीतून पैसे कापून घेण्यास सभासदाने राजी व्हावे, यासाठी काट्यावर आणि हिशेबावर त्याचा विश्वास असावा लागतो.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील 'सह्याद्री फार्म्स'चे उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिले जाते. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने मोजक्या द्राक्ष उत्पादकांनी युरोपला निर्यातीपासून सुरुवात केली. पुढे इतर फळे, भाजीपाला व प्रक्रिया यांची भर पडली. विस्ताराला मोठे भांडवल हवे, पण उत्पादक कंपनीचे भाग बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकता येत नाहीत. म्हणून २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांचे ३१० कोटी रुपये आले ते काढणीपश्चात कामासाठीच्या वेगळ्या कंपनीत. शेतकऱ्यांची मूळ उत्पादक कंपनी त्या व्यवहाराबाहेर राहिली. नव्याने सुरू होणाऱ्या केंद्राला एवढ्या भांडवलाची गरज नसते. एका पिकाचा हंगाम वेळेवर पैसे देऊन पार पाडण्याइतके भांडवल त्याला आधी जमवावे लागते.