लेसरच्या झोतात पाण्याचा गढूळपणा : मापन व मर्यादा

सिल्वासाजवळून वाहणारी दमणगंगा नदी नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावते. पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ होते. परंतु ते नेमके किती गढूळ आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. त्यासाठी पाण्यातील कणांनी विखुरलेला प्रकाश मोजावा लागतो. हे तत्त्व वर्गात दाखविण्यास थोडे दूध व एक लेसर पुरेसा आहे.

दूध हे पायस आहे. त्यात स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म थेंब आणि त्याहूनही लहान प्रथिनकण पाण्यात तरंगत असतात. लेसरचा किरण स्वच्छ पाण्यातून जाताना बाजूने जवळजवळ दिसत नाही. दुधाचा एक थेंब टाकताच त्याचा मार्ग उजळतो. इब्न अल-हैथम (सुमारे इ. स. ९६५ ते १०४०) यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात मांडले की, वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो म्हणून ती दिसते. येथे तेच घडते. थेंब प्रकाश बाजूला वळवितात, यालाच प्रकीर्णन म्हणतात. थेंबांचा आकार तरंगलांबीएवढा किंवा मोठा असल्यास बहुतेक प्रकाश पुढच्या दिशेने विखुरतो. गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये गोलाकार कणांसाठी याचे गणित दिले.

प्रयोगासाठी सपाट बाजूंचे काचेचे भांडे, १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा लाल लेसर, प्रकाश पडताच रोध कमी होणारा एलडीआर व मल्टिमीटर घ्यावेत. एलडीआर किरणाशी ९० अंशांत, भांड्याच्या मध्यासमोर ठेवावा. बाहेरचा प्रकाश काळ्या कागदाने अडवावा. लेसर कोणाच्याही डोळ्यांकडे रोखू नये. प्रथम नुसत्या पाण्याचे वाचन नोंदवून नंतर दूध थेंबाथेंबाने मिसळावे.

आरंभी रोध उतरत जातो. मात्र दूध दाट झाल्यावर तो पुन्हा चढू लागतो, कारण किरण भांड्याच्या मध्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे एकच वाचन पातळ व दाट अशा दोन्ही मिश्रणांचे असू शकते. शंका आल्यास नमुना निम्मा पातळ करून पाहावा. प्रकाश वाढला, तर मूळ नमुना मापनाच्या मर्यादेपलीकडे होता असे समजावे.

प्रयोगशाळेतील गढूळपणामापकही ९० अंशांतील प्रकाश मोजतो. त्याचे प्रमाणीकरण फॉर्मेझिनच्या द्रावाने करतात आणि वाचन एनटीयू या एककात देतात. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यासाठी स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू आहे. दुसरा स्रोत नसल्यास ५ एनटीयूपर्यंत मुभा आहे. वर्गातील एलडीआर केवळ तुलना दाखवितो, एनटीयू सांगत नाही.

गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड राहतात व क्लोरीनचा प्रभाव कमी पडतो, म्हणून हे मापन महत्त्वाचे आहे. तथापि, कमी वाचन म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. विरघळलेली रसायने व थोडे जंतू प्रकाश फारसा विखुरत नाहीत. त्यांची तपासणी स्वतंत्रपणेच करावी लागते. उपकरण काय मोजते याबरोबरच ते काय मोजत नाही, हेही विद्यार्थ्यांच्या वहीत नोंदले जावे.