कोलामांचे रान आणि कायद्याचा शब्द

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर हे गाव गोव्यातील वाचकास नकाशावर शोधावे लागेल. महाराष्ट्राच्या जिवती तालुक्याशेजारच्या या डोंगराळ मुलखात तेलुगू आणि गोंडीबरोबर मराठीही कानी पडते. येथील वाड्या-पाड्यांत राहणाऱ्या कोलाम जमातीचा समावेश केंद्र सरकारने विशेष दुर्बल म्हणून गणलेल्या 75 आदिवासी समूहांत आहे. त्यांची कोलामी ही स्वतंत्र द्राविडी भाषा. रानातील देवतांची पूजा करण्यासाठी शेजारचे गोंडही कोलाम पुजाऱ्यास बोलावतात. या डोंगरांचे पहिले रहिवासी तेच, अशी ही जुनी कबुलीच म्हणावयाची.

बांबूच्या टोपल्या व तट्टे विणणे, मोहाची फुले, डिंक, मध, चारोळी गोळा करणे आणि उतारावर थोडी शेती करणे, हा कोलामांचा परंपरागत चरितार्थ. निजामाच्या राजवटीत जंगले राखीव झाली आणि कालपर्यंतचा धनी आज अतिक्रमक ठरला. त्या अन्यायाविरुद्ध उठलेल्या कुमरम भीमाच्या लढ्यात गोंडांबरोबर कोलामही होते. 1940 साली जोडेघाट येथे भीम पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडल्यावर मात्र सरकारला जाग आली व या मुलखाच्या अभ्यासासाठी मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाचारण करण्यात आले. माणसे मेल्यावाचून चौकशी होत नाही, हा आपल्याकडील जुनाच परिपाठ.

पुढे 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा व किनवट तालुके मुंबई राज्यात आले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. एकाच रानातील कोलाम दोन राज्यांत विभागले गेले. 1970 च्या दुरुस्तीने आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रांत आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या हाती जाण्यास बंदी झाली. परंतु जमिनीचा प्रश्न मिटला नाही. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत याच प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला.

2006 च्या वनहक्क कायद्याने झालेला अन्याय प्रथमच मान्य केला. त्यात दुर्बल जमातींना केवळ कसलेल्या तुकड्याचा नव्हे, तर आपल्या संपूर्ण निवासक्षेत्राचा सामूहिक हक्क सांगितला आहे, आणि मर्म नेमके येथे आहे. कोलामाचे घर चार भिंतींत मावत नाही. बांबूचे बेट, मोहाचे झाड, पाण्याचा झरा आणि देवाचे ठाणे मिळून ते होते. 2023 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन योजनेतून घरे, रस्ते व पाणी मिळावयाचे, हे स्वागतार्हच. परंतु घर बांधून द्यावयाचे आणि रानाबाहेर काढावयाचे, यास उद्धार म्हणता येणार नाही.

2025 च्या मे महिन्यात कव्वाल व ताडोबा या व्याघ्रक्षेत्रांना जोडणारे एक संवर्धन राखीव क्षेत्र तेलंगणा सरकारने जाहीर केले आणि त्यास नाव दिले कुमरम भीमाचे! ज्याने रानासाठी प्राण दिला त्याच्याच नावाने त्याच्या वारसांच्या मनात विस्थापनाची भीती उभी राहावी, हा दैवदुर्विलास होय. आदिवासींच्या विरोधानंतर जुलैत तो आदेश स्थगित झाला. स्थगिती म्हणजे न्याय नव्हे.

वाघ वाचला पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाघाशेजारी संसार केला, त्यांची संमती घेतल्याविना वाघ वाचविता येईल, असे मानणे भ्रामक आहे. प्रथम ग्रामसभेपुढे हक्कांचा निवाडा, मग राखीव क्षेत्र, हाच कायद्याचा क्रम आहे. दोन्ही राज्यांनी कोलामांच्या निवासक्षेत्राची आखणी एकत्र बसून करावी; रानाला राज्यसीमा ठाऊक नाही.

गोव्याने हा प्रश्न दूरचा मानू नये. म्हादई अभयारण्याला व्याघ्रक्षेत्र जाहीर करण्याचा आदेश 2023 च्या जुलैत उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा वनवासींचे दावेही मुदतीत निकालात काढण्यास बजावले होते. आपल्या सत्तरीच्या रानात जो न्याय आपण मागतो, तोच नार्नूरच्या रानातही हवा. कायद्याने दिलेला शब्द पाळण्यासाठी आणखी एका इंद्रवेल्लीची वाट पाहू नये, एवढेच आमचे सांगणे.