पडद्यावर तारीख पडत नाही

एखाद्या गुन्हेगारी मालिकेचे कौतुक करायचे झाले की हल्ली घराघरांत एकच वाक्य ऐकू येते : 'अगदी खरी वाटते!' नटमंडळी कशी आहेत, गोष्ट कशी रचली आहे, हे पुढचे. आधी खरेपणाचे प्रमाणपत्र. पोलीस ठाण्याच्या भिंतीला आलेली ओल, कपाटावर धूळ खात पडलेल्या फायली, चहाचा काचेचा ग्लास, हवालदाराच्या तोंडची सणसणीत शिवी आणि या साऱ्यावर पसरलेला अर्धवट अंधार, एवढे जमले की आपण मान डोलावतो. पण आपल्यापैकी बहुतेकांचा पोलीस ठाण्याशी संबंध पासपोर्टच्या चौकशीपुरता, नाहीतर हरवलेल्या मोबाइलच्या नोंदीपुरता. मग जे आपण कधी पाहिलेच नाही, ते पडद्यावर हुबेहूब उतरले आहे, हे आपल्याला कळते तरी कसे?

प्रश्न खोडसाळ वाटेल. पण माझ्यासारख्याला तो पडणे साहजिक आहे. आयुष्याची तेहेतीस वर्षे मी बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. एका व्यवसायात खोटी सही ओळखायला शिकलो, दुसऱ्यात खोटी गोष्ट खरी वाटायला लावायला. त्यामुळे एखादी मालिका फार खरी वाटू लागली की मी जरा सावरून बसतो.

पूर्वी हा घोळ नव्हता. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची, तेव्हा घरातली सगळी मंडळी जेवणे आटोपून बसत. तीत शिवाजी साटम होते आणि दिग्दर्शन बी. पी. सिंग यांचे. याच जोडीची 'सीआयडी' १९९८ साली हिंदीत सुरू झाली आणि वीस वर्षे चालली. तीत इन्स्पेक्टर दया खांद्याने दार तोडायचा, प्रयोगशाळेचा अहवाल चहा निवायच्या आत हाती यायचा आणि गुन्हेगार एका थपडेत कबुली द्यायचा. हे खरे आहे असे कोणी म्हटले नाही. कीर्तनातल्या आख्यानासारखा तो उघड करार होता. अडचण येते ती पुरस्कार मिळवणाऱ्या, 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावून येणाऱ्या मालिकांची. त्यांना खरेपणाचा मान मिळतो. तेव्हा त्यांचा हिशेबही तपासायला हवा.

सुरुवात माझ्या प्रांतापासून करतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हन्सल मेहता यांची 'स्कॅम १९९२' आली. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या १९९३ च्या पुस्तकावर ती बेतलेली आहे. तो घोटाळा समजायला सोपा नव्हता. बँकांना त्या काळी आपल्या ठेवींचा मोठा हिस्सा, ३८.५ टक्क्यांपर्यंत, सरकारी रोख्यांसारख्या गुंतवणुकीत ठेवावा लागे. एखाद्या बँकेला पंधरा दिवसांसाठी पैसा हवा असला, की ती दुसऱ्या बँकेला रोखे विकायची आणि पंधरा दिवसांनी ठरल्या भावाने परत घ्यायची. हा 'रेडी फॉरवर्ड' व्यवहार. प्रत्यक्ष रोखे बहुधा हलायचेच नाहीत. विकणारी बँक 'बँकर्स रिसीट', म्हणजे बीआर नावाचा एक कागद द्यायची. रिझर्व्ह बँकेतल्या रोख्यांच्या नोंदी हाताने व्हायच्या, त्यामुळे ताळमेळ लागायला वेळ लागे. या फटीतून दलाल आत शिरला. एका बँकेचा चेक दुसऱ्या बँकेकडे जाण्याऐवजी त्याच्या खात्यात जमा होऊ लागला आणि तिथून शेअर बाजारात. पुढे तर पाठीशी रोखे नसलेल्या बीआर निघाल्या. जानकीरामन समितीने हिशेब मांडला तेव्हा आकडा चार हजार कोटींच्या वर गेला.

हे सारे या मालिकेने इतके स्वच्छ सांगितले आहे की, बँकेचा विषय काढला की उठून स्वयंपाकघरात जाणाऱ्या माझ्या पत्नीलाही बीआर म्हणजे काय ते कळले. त्याबद्दल पूर्ण गुण. पण मालिका संपल्यावर मनात काय उरते? प्रतीक गांधी यांनी झोकात उभा केलेला हर्षद, त्याची गाडी, त्याची ऐट आणि ते चटकदार संगीत. ज्या दोन लहान बँकांनी पोकळ बीआर दिल्या, त्यांतली एक आपल्या कराडची होती. तिच्या खिडकीवर उसाच्या बिलाचे पैसे ठेवणारा शेतकरी असेल, मुलीच्या लग्नासाठी मुदत ठेव करणारा शिक्षक असेल. बँक त्याच वर्षी बुडाली आणि पुढे तिचा कारभार बँक ऑफ इंडियात विलीन झाला. त्या मधल्या काळात त्या खातेदारांवर काय गुदरले, ते पडद्यावर येत नाही. ३१ डिसेंबर २००१ रोजी हर्षद मेहता कोठडीत असतानाच वारला, तेव्हा त्याच्यावरचे बरेच खटले निकालावाचून पडले होते. आणि या प्रकरणासाठी १९९२ साली नेमलेल्या विशेष न्यायालयाचे काम त्याच्या मृत्यूनंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले. नायक गेला, गोष्ट संपली. फाइल मात्र संपली नाही.

माझे म्हणणे नेमके इथे आहे. या मालिकांना वस्तू दिसतात, माणसेही दिसतात. त्यांना दिसत नाही तो वेळ.

बँकेच्या माणसाला न्यायालय नवे नसते. 'बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट' हा १८९१ चा कायदा. त्यानुसार खात्याच्या उताऱ्याची प्रमाणित नक्कल पुरावा म्हणून चालते आणि ती घेऊन बहुधा एखाद्या अधिकाऱ्याला साक्षीला जावे लागते. शिवाय लाचेचा सापळा लावायचा असला की पंच म्हणून सरकारी कचेरीतले, बँकेतले नोकर बोलावतात. नोटांना पावडर लावतात. ती हाताळणाऱ्याची बोटे सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. पाणी गुलाबी झाल्याचा क्षण नाट्यमय खरा, पण त्यानंतर पंचनामा लिहिण्यात रात्र जाते आणि त्या पंचनाम्यावर उलटतपासणी व्हायला वर्षे.

एकदा एका बनावट सहीच्या चेकच्या खटल्यात मला समन्स आले. गुन्हा घडून आठ वर्षे झाली होती. तो चेक माझ्या हातून गेलेला नव्हता. पण त्या वेळच्या कर्मचाऱ्यांपैकी नोकरीत उरलेला मी एकटाच. पहिल्या तारखेला आरोपीचे वकील आजारी, दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या खेपेस दुपारी चारला माझ्या नावाचा पुकारा झाला. दहाबारा मिनिटांची साक्ष. त्यातला मुख्य प्रश्न असा, की त्या वर्षी मला चष्मा होता की नव्हता! ज्यांचे पैसे गेले ते निवृत्त गुरुजी प्रत्येक तारखेला डबा घेऊन येत आणि बाकाच्या त्याच टोकाला बसत. निकाल लागायच्या आधी ते गेले. पुढच्या तारखेला त्यांचा मुलगा आला, तो डबा न घेता.

यावर मालिका कोण काढणार? आणि काढली तर कोण पाहणार? कादंबरीकार म्हणून मी मालिका लिहिणाऱ्यांची बाजूही समजू शकतो. काटछाट आम्हीही करतो. दहा तास तारखाच पडत राहिल्या तर प्रेक्षक रिमोट शोधेल. वगळणे हा गुन्हा नव्हे. पण नेहमी तीच एक गोष्ट वगळली गेली, तर पाहणाऱ्याच्या मनात जगाचे चुकीचे चित्र तयार होते.

'दिल्ली क्राइम' पाहा. रिची मेहता यांची ही मालिका २०१९ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत जे घडले, त्याचा तपास तीत आहे. शेफाली शाह यांची पोलीस उपायुक्त विसरता येत नाही. अपुरी माणसे, अपुरी झोप, घरच्यांचे फोन, सारे खरे वाटते. अत्याचाराचे दृश्य न दाखवण्याचा संयमही मोलाचा. पण गोष्ट पोलिसांच्या खिडकीतून सांगितलेली आहे आणि अटका झाल्या की ती थांबते. प्रत्यक्षात सहाही आरोपी आठवड्याच्या आत पकडले गेले आणि त्यानंतरची वाटचाल सात वर्षे चालली. सप्टेंबर २०१३ मध्ये चौघांना फाशीची शिक्षा, मार्च २०१४ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल, मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आणि शिक्षेची अंमलबजावणी २० मार्च २०२० रोजी. साऱ्या देशाचे लक्ष असलेल्या, जलदगती न्यायालयात चाललेल्या खटल्याची ही गती! त्या मुलीच्या आईवडिलांनी ही सारी वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. सहा दिवसांना सात भाग मिळाले, सात वर्षांना काहीच नाही.

याने बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते असे, की अटक म्हणजे न्याय, असे आपल्या मनात पक्के बसते. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यात होता आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तो आहे. थपडेखाली माणूस काहीही कबूल करतो, हे शहाण्या लोकांना दीडशे वर्षांपूर्वीच कळले होते. पडद्यावर मात्र कबुली आली की पार्श्वसंगीत शांत होते आणि आपणही सुटकेचा निःश्वास टाकतो.

मग ६ डिसेंबर २०१९ उजाडतो. हैदराबादजवळ एका पशुवैद्य तरुणीवर अत्याचार करून तिची हत्या केल्याचा आरोप असलेले चौघे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडतात आणि लोक पोलिसांवर फुले उधळतात. खटला नाही, साक्ष नाही, तारीख नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. पोलिसांनी सांगितलेली हकीकत विश्वसनीय नाही, गोळ्या ठार मारण्याच्याच हेतूने झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष आयोगाने काढला. तो अहवाल २०२२ साली बाहेर आला. तोवर फुले केव्हाच सुकली होती. त्या फुलांचा दोष मालिकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रखडणाऱ्या न्यायाचा वाटा त्यात मोठा आहे. पण शेवटच्या भागात सगळे मिटते, या सवयीने आपली अधीरता वाढवली नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

मग वेळ आणि कागद दाखवूनही मालिका रंगू शकत नाही का? एक रंगली आहे, आणि ती अमेरिकेतली. बाल्टिमोर शहरावरची 'द वायर' २००२ ते २००८ अशी पाच पर्वे, साठ भाग चालली. निर्माता डेव्हिड सायमन तिथल्या 'बाल्टिमोर सन'चा वार्ताहर होता. त्याचा साथीदार एड बर्न्स पोलीस खात्यात गुप्तहेर आणि नंतर शाळामास्तर. त्यांनी गुन्ह्याबरोबर कचेरी दाखवली. फोनवर पाळत ठेवायची तर आधी इतर उपाय थकल्याचे न्यायाधीशाला लेखी पटवावे लागते, हे दाखवण्यात भागच्या भाग जातात. दर आठवड्याला वरिष्ठांपुढे गुन्ह्यांचे आकडे मांडायचे आणि ते खाली यावेत म्हणून मोठ्या गुन्ह्याची नोंद लहान म्हणून करायची, हे पाहताना मला आमचा मार्चअखेर आठवला. ३१ मार्चला फुगणाऱ्या आणि १ एप्रिलला ओसरणाऱ्या ठेवी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला बाल्टिमोर परके वाटणार नाही. गंमत म्हणजे या मालिकेला अमेरिकेतला एमी पुरस्कार एकदाही मिळाला नाही.

आणि तरीही तीत बनाव आहेच. एक अधिकारी वरिष्ठांना न विचारता शहराचा एक कोपरा अमली पदार्थांच्या विक्रीला मोकळा सोडतो. शेवटच्या पर्वात एक गुप्तहेर न घडलेल्या खुनांची मालिका रचतो. दुसरीकडे, २०१७ साली त्याच बाल्टिमोरच्या पोलिसांचे एक विशेष पथक नागरिकांनाच लुटत असल्याचे उघडकीस आले. वास्तव मालिकेच्या पुढे गेले होते. सायमनने मग २०२२ साली त्यावर 'वी ओन धिस सिटी' ही दुसरी मालिका केली.

तेव्हा या मालिकांचा खरेपणाचा लौकिक रास्त आहे का? अर्धा आहे. भिंती, भाषा, थकलेले चेहरे आणि घोटाळ्याचे तंत्र, यांबद्दल त्यांना शाबासकी द्यावी. त्या जरूर पाहाव्यात, मीही पाहतो. मात्र शेजारी बसलेला नातू शेवटच्या भागात बेड्या पडल्यावर 'संपली' असे म्हणाला, तर त्याला सांगावे, की बाळा, आता कुठे आरोपपत्र तयार होईल, मग त्याला क्रमांक पडेल आणि मग पहिली तारीख. तिथे कोणीतरी डबा घेऊन बाकावर बसलेले असेल.