चित्रकलेच्या तासाला गणित

गिरगावातल्या खोताच्या वाडीत चित्रकलेच्या शिक्षकांनी मुलांना रेखाटनाला नेलं, तर समोर उतरती कौलं, बाहेरून चढणारे लाकडी जिने आणि कठड्यांचे व्हरांडे दिसतात. जिना कागदावर उतरवायचा म्हणजे कोन आणि प्रमाण आलंच. पायरीची उंची पट्टीने मोजायची, प्रत्यक्षातले २० सेंटिमीटर कागदावर १ धरायचे, की १:२० हे गुणोत्तर हातातून कळतं. मग त्याच घराचं पाच वाक्यांत नेमकं वर्णन लिहायला सांगावं. ‘छान घर’ एवढ्यावर भागत नाही. कठडा, तुळई, पन्हळ हे शब्द शोधावे लागतात.

संगीतात तर अपूर्णांक ऐकू येतात. तीनतालाच्या १६ मात्रा चार-चारच्या चार विभागांत, झपतालाच्या १० मात्रा २-३-२-३ अशा. दुगुनीत एका मात्रेत दोन बोल बसतात, म्हणजे प्रत्येकाला अर्धी मात्रा.

हातांनी काम करता करता इतर विषय शिकण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा आग्रह धरला होता.

मात्र कलेचा तास ही गणिताची शिकवणी होऊ नये. चित्र चित्रच राहावं, गाणं गाणंच. विषयांचा सांधा जुळायला एवढंच पुरे: या आठवड्यात वर्गात काय चालू आहे, हे गणिताच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी कलाशिक्षकांना सांगावं. आणि मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती, परीक्षा जवळ आली म्हणून चित्रकलेचा तास काढून घेऊ नका.