अर्ध-मॅरेथॉन : व्यायाम की साहस?

रिसोड तालुक्यातील आमच्या केनवड परिसरात पहाटे रस्त्याने निघाले की धावणारी मुले हमखास भेटतात. त्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरतीतील १६०० मीटरची धाव असते. अलीकडे मात्र त्यांच्या मागोमाग चाळिशी ओलांडलेले शिक्षक, दुकानदार, बँकेतील कर्मचारीही धावताना दिसतात. त्यांतीलच कोणी एके दिवशी दवाखान्यात येऊन म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एकवीस किलोमीटरचा फॉर्म भरला आहे. ताकदीसाठी काही द्या." अशा वेळी आपण चिकित्सकांनी आणि औषधविक्रेत्या बंधूंनी काय द्यावे, याहून काय सांगावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अर्ध-मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटरची धाव. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आणि २०१२ पासूनची सातारा हिल मॅरेथॉन यांमुळे ही धाव महाराष्ट्राच्या गावोगावी परिचित झाली. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली येथे हे अंतर १ तास ३० सेकंदांत पार केले. एक तास एक मिनिटाच्या आत धावणारे ते पहिले भारतीय ठरले. ही गती किलोमीटरमागे सुमारे २ मिनिटे ५२ सेकंद इतकी पडते. असे आदर्श डोळ्यांसमोर असावेत. परंतु त्यांची गती आपल्या पायांत आहे असे समजू नये.

शास्त्राची भूमिका

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असा आपल्या संहितांचा उपदेश आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, मुखशोष होणे आणि श्वास तोंडाने घ्यावा लागणे ही बलार्धाची लक्षणे होत. दुसरीकडे चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाच्या चार कारणांमध्ये 'साहस' गणले आहे. दुर्बळाने बलवानाशी झुंजणे आणि फार दूरचा मार्ग वेगाने धावत जाणे, या दोन्हींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

मग एकवीस किलोमीटर धावणे हे साहसच नव्हे काय? आमच्या मते उत्तर अंतरावर नव्हे, तर धावणाऱ्याच्या अभ्यासावर आणि गतीवर अवलंबून आहे. बल हे स्थिर नाही. तीन-चार महिने क्रमाक्रमाने अंतर वाढविणाऱ्याचे बलार्ध पुढे सरकते. पहिल्या आठवड्यात दोन किलोमीटरला धाप लागणारा मनुष्य पुढे दहा किलोमीटरपर्यंत सोबत्याशी सलग वाक्ये बोलत धावू शकतो. हीच धाव अभ्यासाविना, किंवा दुसऱ्याच्या गतीने धावली, तर ती साहस ठरते.

पेस ग्रुप म्हणजे काय?

मोठ्या स्पर्धांत काही अनुभवी धावपटू हाती वा पाठीवर ध्वज घेऊन धावतात. त्यावर २.००, २.१५, २.३० अशी लक्ष्यवेळ तासमिनिटांत लिहिलेली असते. हे 'पेसर' होत, आणि त्यांच्यासोबत धावणारा समूह म्हणजे पेस ग्रुप. पेसर स्वतः त्याहून बराच जलद धावू शकतो. म्हणूनच तो आरंभापासून अखेरपर्यंत गती सम ठेवू शकतो. २ तासांच्या ध्वजाची गती किलोमीटरमागे सुमारे ५ मिनिटे ४१ सेकंद, सव्वादोन तासांची ६ मिनिटे २४ सेकंद, तर अडीच तासांची ७ मिनिटे ७ सेकंद असते.

या व्यवस्थेचा खरा लाभ वेगाचा नसून संयमाचा आहे. प्रारंभी गर्दी, वाद्ये आणि उत्साह यांमुळे नवखा धावपटू वेगाने सुटतो, स्नायूंतील शर्करेचा साठा लवकर संपवितो आणि पंधराव्या किलोमीटरला पाय ओढू लागतो. पेसर त्याला पहिल्या पाच किलोमीटरांत आवरून धरतो. अर्धशक्तीचा उपदेश येथे ध्वजाच्या रूपाने पुढे चालत असतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ध्वज कोणता निवडावा?

मात्र ध्वजाला आपले बल ठाऊक नसते. आमच्याकडील एका पंचेचाळिशीच्या दुकानदाराचे उदाहरण बोलके आहे. सरावात त्यांना १० किलोमीटरला ७५ मिनिटे लागत. स्पर्धेच्या दिवशी मित्र सव्वादोन तासांच्या गटात होते म्हणून तेही त्यातच शिरले. गुडघा दुखू नये म्हणून पहाटे वेदनाशामक गोळीही घेतली होती. चौदाव्या किलोमीटरला भोवळ, वांती आणि पोटऱ्यांत गोळे येऊन ते रस्त्याकडेला बसले. अतिव्यायामाच्या लक्षणांत तृष्णा, क्लम, छर्दी वर्णिली आहेत, ती येथे प्रत्यक्ष दिसली. सुदैवाने प्रसंग तेवढ्यावर निभावला.

अशा व्यक्तीस एक सोपा हिशेब सांगावा. सरावातील १० किलोमीटरच्या उत्तम वेळेची दुप्पट करावी आणि तिचा दहावा भाग तीत मिळवावा. ७५ मिनिटांचे १५० होतात. त्यात १५ मिळविल्यास १६५ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तास. त्यांचा ध्वज तो होता. पुढील वर्षी त्याच गटातून त्यांनी धाव सुखरूप पूर्ण केली.

ऋतूचाही विचार हवा. शीतकाल व वसंत हे व्यायामास अनुकूल. त्यामुळे जानेवारीतील स्पर्धा ऋतुचर्येस धरून आहे. वर्षा ऋतूत आयास वर्ज्य सांगितला आहे. त्या दिवसांतील स्पर्धेत, आणि यवतेश्वर घाटासारख्या चढावर, एक पायरी मंद गट निवडावा.

चिकित्सक व औषधविक्रेत्यांसाठी

१. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. घामाने द्रव कमी झालेल्या शरीरात त्यांचा भार वृक्कांवर पडतो.

२. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. नुसते पाणी अतिप्रमाणात प्याल्यास रक्तातील सोडियम घटून शिरःशूल, मळमळ आणि संभ्रम उत्पन्न होतो.

३. अश्वगंधादी रसायने आठवडेच्या आठवडे सेवन करावयाची असतात. ती स्पर्धेच्या सकाळी घेण्याची 'ताकद' नव्हेत. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असल्याने ती त्या सकाळी टाळावीत. नवे औषध त्या दिवशी कधीही सुरू करू नये.

४. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे. म्हणून विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारखे कल्प स्पर्धक खेळाडूस देण्यापूर्वी, त्याची उत्तेजक चाचणी होणार आहे काय, हे अवश्य विचारावे.

५. चाळिशीपुढील, मधुमेही वा रक्तदाबाच्या व्यक्तीस हृदयतपासणीशिवाय अनुमती देऊ नये. छातीत दडपण, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी वेदना, मूर्च्छा, अथवा अंग तापून बोलण्यात असंबद्धता ही बलार्धाची नव्हे, धोक्याची लक्षणे होत. तेथे धाव तत्काळ थांबवून, अंग तापले असल्यास ते पाण्याने थंड करीत, रुग्णालय गाठावे.

६. धावेनंतर एकदम बसू नये, थोडे चालावे. पुढे विश्रांतीनंतर सुखकर मर्दन व स्निग्ध, लघु आहार द्यावा.

ताकदीसाठी काही मागणाऱ्यास रित्या हाताने परत पाठवावे असे आमचे म्हणणे नाही. त्याच्या दहा किलोमीटरची वेळ विचारावी, नाडी व रक्तदाब पाहावा आणि त्याच्या बलाला शोभेल असा ध्वज कागदावर लिहून द्यावा. गट पुढे जात असताना बल संपल्याची जाणीव झाली, तर गट सोडण्यात कमीपणा नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. पुष्कळदा औषधाच्या पुडीपेक्षा हा कागदच अधिक उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.